मुंगीची बेगमी आणि नाकतोड्याचीही

मिरगाचा पाऊस पडून गेला आणि मधे लख्ख ऊन पडलं, की औसा किंवा लोहा भागातल्या एखाद्या माळावर खाली वाकून बघावं. मुंग्यांच्या बिळाच्या तोंडाशी गवताचं मूठभर बी पसरलेलं दिसू शकतं. ओल लागलेलं बी बिळातच रुजू नये म्हणून मुंग्या ते वर आणून वाळवतात. भिजलेली ज्वारी आपण धाब्यावर पसरतो, तसंच.

याची शास्त्रीय नोंद महाराष्ट्रातलीच आहे. थंड देशांतल्या बहुतेक मुंग्या हिवाळाभर सुस्त पडून राहतात, धान्य साठवत नाहीत. त्यामुळे मुंगीची बेगमी ही इसापाची कल्पना, असं युरोपातले अनेक अभ्यासक मानत. १८२९ साली कर्नल साइक्स यांनी पुण्यात मुंग्यांना असं बी वाळवताना जूनमध्ये पाहिलं आणि परतीच्या पावसानंतर ऑक्टोबरमध्ये पुन्हा पाहिलं. त्या मुंगीला त्यांनी नाव दिलं ‘प्रोविडेन्स’, म्हणजे लॅटिनमध्ये पुढचं पाहणारी.

मराठवाड्यातल्या माणसाची बेगमी पेवात असे. काळ्या रानात पाणी धरतं, म्हणून पेव चढावरच्या मुरमाड जागी खणायचं. तोंड अरुंद, पोट मोठं. आत कडब्याचा थर, वर ज्वारी, मग तोंड मातीने लिंपून बंद. दाणे जिवंत असतात, श्वास घेतात. बंद पेवातला ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडा गुदमरून मरतो. माणसालाही तोच धोका. म्हणून पेव उघडलं की आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. तो विझला तर आत उतरायचं नाही. औषध-पावडर न घालता वर्षानुवर्षं धान्य टिकवणारं हे शहाणपण आपण फार लवकर विसरलो.

इसापाच्या गोष्टीत आळशी ठरतो तो नाकतोडा. हा त्याच्यावर अन्याय आहे. खरिपातला नाकतोडा एकाच हंगामाचा धनी. दाणा साठवला तरी खायला तो उरणारच नसतो. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात मादी पोटाचं टोक जमिनीत खुपसून अंडी घालते आणि त्यांच्याभोवती फेस सोडते. फेस वाळून कडक कुपी तयार होते. आतल्या जिवाची वाढ थांबते. अख्खा उन्हाळा तो तसाच काढतो आणि मोसमी पावसाची ओल पोहोचली की पिल्लं बाहेर पडतात. उन्हाळी नांगरट करायची ती याचसाठीही: कुप्या उघड्या पडतात, काही उन्हात सुकतात, काही पाखरं टिपतात.

गोष्टीचा शेवटही मला कधी पटला नाही. मुंगी उपाशी नाकतोड्याला दारातून परत पाठवते. लातूरचं पाणी संपलं तेव्हा तसं झालं नाही. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं पाऊस कमी झाला, मांजरा धरण कोरडं पडलं. खोऱ्यात ऊस मात्र लावलेला होता. बेगमी चुकली होती, हे मान्य करायलाच हवं. तरी कृष्णाकाठच्या मिरजेने दार लावलं नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी ‘जलदूत’ रेल्वे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली.