न्यायमूर्ती सुजाता मनोहर

इ. स. २०२५ च्या मे महिन्याच्या १४ तारखेस अमरावतीचे सुपुत्र न्यायमूर्ती भूषण गवई यांनी भारताच्या सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली, तेव्हा साऱ्या वऱ्हाडास जो आनंद झाला तो आमच्या वाचकांच्या स्मरणात असेलच. फ्रेझरपुऱ्यातील नगरपालिकेच्या शाळेत ज्यांनी धुळाक्षरे गिरविली, ते देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसले, ही हकीकत शाळा उघडल्यावर आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत होतो. इतक्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, त्या जागेवर आजवर कोणी बाई बसली आहे काय?"

"नाही," एवढेच उत्तर आम्हांस द्यावे लागले. सर्वोच्च न्यायालय १९५० साली स्थापन झाले. तेव्हापासून २०२५ अखेरपर्यंत एकही स्त्री सरन्यायाधीश झाली नाही. आमचे उत्तर खरे होते, परंतु पुरे नव्हते. ते पुरे करावे, एवढ्याचसाठी हा लेख.

प्रथम न्यायालयांची उतरंड समजून घेऊ. अमरावती व अकोला येथे जिल्हा व सत्र न्यायालये आहेत. तेथील निकालाने ज्याचे समाधान होत नाही, तो अपील घेऊन नागपुरास जातो. नागपुरास १९३६ पासून स्वतंत्र उच्च न्यायालय होते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि वऱ्हाड मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकाराखाली आले. त्याच न्यायालयाचे खंडपीठ आता नागपुरास बसते. त्याहून वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. सारांश, मुंबईचे उच्च न्यायालय हे आपलेच न्यायालय होय. आणि त्या न्यायालयातील पहिल्या स्त्री न्यायाधीश म्हणजे न्यायमूर्ती सुजाता मनोहर.

हे न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. तेथे स्त्री न्यायाधीश आली ती १९७८ साली. मध्ये एकशे पंधरांहून अधिक वर्षे लोटली. इतका काळ का लागावा? कारण न्यायाधीश होण्याआधी वकील व्हावे लागते, आणि वकिलीचे दारच स्त्रियांस बंद होते. १९१६ साली रेजिना गुहा या विदुषीने कलकत्त्यास वकिलीची सनद मागितली, तेव्हा कायद्यातील 'व्यक्ती' या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असे तिला सांगण्यात आले! आपल्या नाशकास १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात उत्तम यश मिळवून पुढे ऑक्सफर्डास १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. परंतु न्यायालयात उभे राहण्याचा हक्क मिळण्यास त्यांना जवळजवळ तीस वर्षे वाट पाहावी लागली. अखेर १९२३ साली स्त्रियांस वकिलीची मुभा देणारा कायदा झाला. पुढे १९३७ साली त्रावणकोर संस्थानात ॲना चंडी मुन्सफ झाल्या व १९५९ साली केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. भारतातील कोणत्याही उच्च न्यायालयातील त्या पहिल्या स्त्री न्यायाधीश होत.

या पायवाटेवर सुजाताबाई आल्या. त्यांचा जन्म २८ ऑगस्ट १९३४ चा. वडील कांतिलाल देसाई हे नामांकित कायदेपंडित. ते पुढे गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण आटोपून सुजाताबाई ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या कॉलेजात गेल्या, आणि १९५८ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. वडिलांच्या कीर्तीमुळे दार उघडत असेल. परंतु उघडलेल्या दारातून आत जाऊन टिकावे लागते ते स्वतःच्याच बळावर. स्त्री वकिलाने घरगुती तंट्यांपुरतेच काम पाहावे, असा समज तेव्हा प्रचलित होता. सुजाताबाईंनी मुख्यतः व्यापारी दावे चालविले, जेथे करारातील एकेका शब्दाचा कीस पाडावा लागतो. त्याचबरोबर, ज्यांस वकिलाची फी देणे शक्य नव्हते अशांची कौटुंबिक प्रकरणेही त्यांनी विधिसाहाय्य योजनेखाली चालविली. अशी वीस वर्षे गेल्यावर १९७८ साली त्या न्यायाधीश झाल्या.

१९९४ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विशेष होय. त्या वर्षी त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश झाल्या. काही महिन्यांत केरळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीश म्हणून त्यांची बदली झाली. आणि ८ नोव्हेंबर रोजी त्या सर्वोच्च न्यायालयात रुजू झाल्या. तेथे त्यांच्या पूर्वी एकच स्त्री येऊन गेली होती, ती १९८९ साली नेमलेल्या न्यायमूर्ती फातिमा बीवी.

आता त्यांच्या कारकिर्दीतील एक निकाल पाहू, म्हणजे न्यायाधीशाचे काम कसे चालते हे कळेल. राजस्थानात १९९२ साली सरकारी योजनेत काम करणाऱ्या एका ग्रामीण स्त्रीने बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून तिच्यावर घोर अत्याचार झाला. त्यानंतर 'विशाखा' आदी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या व त्यांनी विचारले, की कामाच्या ठिकाणी स्त्रीचे रक्षण कोणी करावयाचे? तेव्हा या विषयावर स्वतंत्र कायदाच नव्हता. मग न्यायाधीशांनी काय करावे? कायदा नाही म्हणून हात झटकावेत काय?

सरन्यायाधीश जगदीश शरण वर्मा, न्यायमूर्ती सुजाता मनोहर व न्यायमूर्ती भूपिंदरनाथ किरपाल या तिघांनी १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल दिला. समता, व्यवसायस्वातंत्र्य व जीविताचा हक्क ही राज्यघटनेची वचने आहेत. स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही भारताने १९९३ साली मान्य केला आहे. तेव्हा संसद कायदा करीपर्यंत आम्ही घालून देतो ते नियम पाळले जावेत, असे न्यायालयाने सांगितले. तक्रारी ऐकण्यासाठी समिती असावी, तिची अध्यक्ष स्त्री असावी, निदान निम्मे सभासद स्त्रिया असाव्यात आणि बाहेरची एक जाणती व्यक्ती तीत असावी, असे ते नियम होते. सोळा वर्षांनी, २०१३ साली, संसदेने त्यांवरून कायदा केला. दहा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक कचेरीत, कारखान्यात व शाळेत अशी समिती असणे आज बंधनकारक आहे. आपल्या विद्यार्थिनी उद्या परिचारिका, शिक्षिका वा कारकून होतील, तेव्हा हे छत्र त्यांच्या डोक्यावर असेल.

कोणी म्हणेल, स्त्री न्यायाधीश स्त्रियांची बाजू घेत असेल. हा समज चुकीचा होय. न्यायासनावर बसणाऱ्यास कोणतीही बाजू नसते; नाहीतर रामशास्त्री प्रभुण्यांनी प्रत्यक्ष रघुनाथरावास दोषी ठरविले नसते. परंतु ज्या घरात सर्वांचे ऐकून घेतले जाते, त्या घरातला निवाडा सर्वांस मान्य होतो. न्यायालयाचेही तसेच आहे.

सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतात. त्याप्रमाणे सुजाताबाई २७ ऑगस्ट १९९९ रोजी, म्हणजे पासष्टाव्या वाढदिवसाच्या पूर्वदिनी, निवृत्त झाल्या. पुढे त्यांनी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगावर काम केले आणि प्राचार्य टोपे यांच्या राज्यघटनेवरील ग्रंथाची नवी आवृत्ती संपादिली. अभ्यास काही निवृत्त झाला नाही.

पालकांस आमची एक विनंती आहे. दहावी होताच मुलीचे दप्तर खुंटीला टांगण्याचा विचार मनात आला, तर क्षणभर थांबावे. बारावीनंतर पाच वर्षे, किंवा पदवीनंतर तीन वर्षे, एवढाच कायद्याचा अभ्यासक्रम आहे. आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली असता दिवाणी न्यायाधीश होता येते. त्या परीक्षेत मुलगा की मुलगी हे कोणी पाहत नाही, उत्तरपत्रिका पाहतात.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलीस आमचे सांगणे असे : बाळ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर अजून "नाही" असेच आहे. परंतु १९७७ साली मुंबई उच्च न्यायालयाविषयी हाच प्रश्न कोणी विचारला असता, तरी उत्तर "नाही" असेच मिळाले असते. पुढच्याच वर्षी ते बदलले. उद्यापासून तू पुढच्या बाकावर येऊन बस.