मन आणि कायदा – ७ : तिसाव्या दिवसाच्या आधी

"ताई, वेड लागलंय का नाही ते डॉक्टर ठरवतील. माझं म्हणणं एवढंच, सोमवारी मला कामावर जायचंय."

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं होतं. बोलणारे गृहस्थ तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधले माथाडी कामगार. पन्नाशीच्या आसपासचे, गाव साताऱ्याकडचं, राहायला कोपरखैरणे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका खासगी मनोरुग्णालयात त्यांना सव्वीस दिवस झाले होते. अंगावर रुग्णालयाचे कपडे, पायात मात्र स्वतःच्या चपला. झोपतानाही त्या उशाशी ठेवतात, असं नर्स म्हणाल्या.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी त्यांना भेटायला गेले होते. वॉर्डातल्या समाजसेविकेने १५१०० या विधी साहाय्याच्या क्रमांकावर फोन केला, म्हणून हे घडलं. खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २७ नुसार मोफत वकील मिळू शकतो हे रुग्णाला सांगणं आणि संपर्काचा तपशील देणं, ही रुग्णालयाच्या प्रमुखाचीच जबाबदारी आहे. पोलिसांची आणि दंडाधिकाऱ्यांचीही. प्रत्यक्षात हे कुणीतरी मनावर घेतलं तरच होतं. पैशाची अडचण असते असं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मनोरुग्णालयात ठेवलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील द्यायचा असतो.

मागच्या भागात आपण 'नामनिर्देशित प्रतिनिधी' पाहिला, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला आधार देणारी, त्याच्या बाजूची व्यक्ती. वॉर्डात त्याला सगळे 'एनआर' म्हणतात. या गृहस्थांची एनआर त्यांची पत्नी. तिच्याच अर्जावर त्यांना कलम ८९ खाली दाखल केलं होतं. तीन आठवडे झोप नाही, मापाडी आणि टोळीतली माणसं मिळून आपल्याला संपवणार असं सारखं बोलणं, आणि एका रात्री अनवाणी सायन-पनवेल महामार्गावर जाऊन उभं राहणं. तिने दाखल केलं ते योग्यच केलं. मला ती पहिल्या भेटीत म्हणाली, "मॅडम, ते घरी आले की रात्री मी झोपायचं कसं?" या प्रश्नाला माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

आता कायद्याचं गणित. ते दिवसांचं आहे, म्हणून नीट समजून घेऊ. कलम ८९ खाली माणसाला त्याच्या संमतीशिवाय जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येतं. त्यासाठी दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायला हवं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. स्वतःला इजा करण्याचा धोका, दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेण्याची कुवत इतकी गेलेली की स्वतःला अपाय होईल, यांपैकी काहीतरी दोघांनाही दिसलं पाहिजे. शिवाय याहून कमी बंधनाचा दुसरा मार्ग उरलेला नसावा. दाखल केल्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यायची, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. रुग्णाने मंडळाकडे दाद मागितली तर सात दिवसांत निकाल. तीस दिवसांनंतरही ठेवायचं असेल तर कलम ९० लागतं. मग दोन मनोविकारतज्ज्ञांनी मागच्या सात दिवसांत स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं, आणि मंडळाने २१ दिवसांच्या आत मंजुरी द्यायची किंवा सोडायला सांगायचं. मंजुरी मिळाली तर आधी ९० दिवस, नंतर १२०, मग दर वेळी १८०.

हे आकडे मी पाठ केले आहेत, आणि या कामात पडणाऱ्या प्रत्येक तरुण वकिलाला मी तेच सांगते. अशील वॉर्डात बसलेला असतो तेव्हा त्याचा प्रत्येक दिवस कुणीतरी मोजत असलं पाहिजे. डॉक्टर मोजत नाहीत, कारण त्यांच्यापुढे साठ रुग्ण असतात. घरचे मोजत नाहीत, कारण ते दमलेले असतात.

पूर्वी ही मोजणीच नव्हती. १९१२ च्या कायद्याचं नावच 'ल्युनसी अॅक्ट' होतं. १९८७ चा कायदा आला तरी दंडाधिकाऱ्याच्या 'रिसेप्शन ऑर्डर'वर माणूस आत जायचा आणि बाहेर काढायला कुणी आलं नाही तर तिथेच राहायचा. मुंबईत कुणाचं डोकं फिरलंय असं वाटलं की 'ठाण्याला पाठवा' म्हणायची सवय आपल्याला आहे. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्यातली बाकीची तीन सरकारी मनोरुग्णालयं. या चारही ठिकाणी बरे होऊनही वर्षानुवर्षं राहिलेली माणसं होती, आहेत. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी अशाच एका स्त्रीसाठी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. बरी होऊनही ती ठाण्यात वर्षानुवर्षं अडकली होती. त्या याचिकेतूनच नवा कायदा किती कागदावर राहिला होता ते न्यायालयापुढे आलं, आणि न्यायालयाने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण आणि पुनर्विलोकन मंडळं चालती करायला लावली. कायदा २९ मे २०१८ पासून लागू होता. मंडळच नसेल तर वकिलाने जायचं कुणाकडे?

अशा कामाची आपल्याकडची वाट एका पत्रकार स्त्रीने घालून दिली आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांमधल्या स्त्रियांविषयी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं, की अटक झाली की पोलिसांनी विधी साहाय्य समितीला कळवावं. पुढे त्यांच्याच दुसऱ्या प्रकरणात १९९३ मध्ये न्यायालयाने ठरवलं, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. तोवर बंगालात आणि इतरत्रही अशी माणसं 'नॉन क्रिमिनल ल्युनॅटिक' म्हणून तुरुंगात खितपत होती. कसलाच आरोप नसलेल्या माणसाला वकील का हवा, असं मला अनेकदा विचारलं जातं. त्या तुरुंगांमधल्या कुणालाच वकील नव्हता.

अमेरिकेत हा टप्पा १९७० च्या दशकात आला. सक्तीने दाखल करण्याच्या सुनावणीत वकील मिळालाच पाहिजे, असं विस्कॉन्सिनच्या एका खटल्यात संघीय न्यायालयाने १९७२ मध्ये म्हटलं. १९७५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ डोनाल्डसन यांच्या बाजूने निकाल दिला. कुणालाही धोका नसलेला हा माणूस फ्लोरिडात जवळपास १५ वर्षं कोंडून ठेवलेला होता. आज तिथल्या अनेक राज्यांत सरकारी पगारावरचे वकील रोज हेच काम करतात. आपल्याकडे २०२२ पासून 'लीगल एड डिफेन्स कौन्सेल' आले, पण ते फौजदारी खटल्यांसाठी. मनोरुग्णाच्या वाट्याला पॅनेलवरचा वकील येतो, जो सकाळी बेलापूर कोर्टात चेक बाउन्सच्या तारखा करून दुपारी ठाण्याची लोकल पकडतो. नवी मुंबईत तर आणखी एक पेच आहे. पोलीस आयुक्तालय एकच, पण खाडीच्या अलीकडचं बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि पलीकडचं खारघर रायगडात. रस्त्यावर भटकताना सापडलेला माणूस कुठल्या बाजूला सापडला त्यावर त्याची फाईल ठाण्याला जाणार की अलिबागला, ते ठरतं. त्या माणसाला याचा पत्ताही नसतो.

पुन्हा आपल्या गृहस्थांकडे येते. सव्वीसाव्या दिवशी मला स्वतःला वाटत होतं, की त्यांनी अजून पंधरा दिवस तरी थांबावं. हात थरथरत होते, मध्येच बोलणं तुटत होतं. पण मला वाटतं ते मंडळापुढे मांडायला मी गेले नव्हते. आजाराविषयी डॉक्टर बोलणार होते, भीतीविषयी पत्नी. मीही त्यांच्या 'भल्याचं' बोलायला लागले असते तर त्या खोलीत त्यांच्या बाजूने बोलणारं कुणीच उरलं नसतं. म्हणून मी त्यांना विचारलं, सोमवारच का? ते म्हणाले, "महिनाभर खाडा झाला. टोळीत माझ्या जागी दुसरा माणूस लावला की संपलं." इतकं नेमकं, इतकं खरं उत्तर देणाऱ्या माणसाला आपलं हित कळत नाही असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

मग मी दोन कामं केली. पहिलं, फाईल मागून घेतली. तीस दिवसांपुढे ठेवण्यासाठीचे दोन अहवाल त्यात तयार होते. दोन्हींतली वाक्यं सारखी, एका शब्दातली चूकसुद्धा सारखी. दुसऱ्या अहवालावर सही होती, तारीख नव्हती. दुसरं काम कोपरखैरण्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात झालं. पत्नीने चहा टाकला, पुतण्याला बोलावलं. दोन आठवडे रात्री तो इथे झोपेल असं ठरलं. महिन्यातून एकदाचं इंजेक्शन महापालिका रुग्णालयाच्या ओपीडीत. मुकादमाला मीच फोन केला. तो म्हणाला, "जागा धरून ठेवलीय, फक्त रात्रीचा माल त्यांना देऊ नका म्हणता, तर नाही देत." ते मी त्याच्याकडून लिहून घेतलं. या कामात कायद्याची पुस्तकं उघडायला जितका वेळ जातो त्याच्या दुप्पट असा चहा पिण्यात जातो, आणि तो वेळ वाया गेला असं मला एकदाही वाटलेलं नाही.

सुनावणी बंद दाराआड झाली. तशीच व्हायची असते. अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश, सोबत जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, मनोविकारतज्ज्ञ आणि डॉक्टर. उरलेल्या दोन जागा कायद्याने मुद्दाम ठेवल्या आहेत, त्या स्वतः हा आजार भोगलेल्यांसाठी, अशा माणसांना सांभाळणाऱ्यांसाठी किंवा या क्षेत्रातल्या संस्थांच्या प्रतिनिधींसाठी. तारखेचा मुद्दा मी मांडला. दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्यावर त्यांनी प्रांजळपणे सांगितलं, की आपण रुग्णाला अकरा दिवसांपूर्वी पाहिलं होतं. पण निर्णय केवळ त्यावर व्हावा असं मला वाटत नव्हतं. मग पुतण्या, इंजेक्शन, मुकादमाची चिठ्ठी, सगळं पुढे ठेवलं. सांभाळणाऱ्यांच्या जागेवरच्या सदस्या होत्या, त्यांनी पत्नीला एकच प्रश्न विचारला: "पुतण्या रोज येईल याची खात्री आहे?" ती हो म्हणाली. अध्यक्षांनी गृहस्थांकडे पाहिलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" ते उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, "गोळ्या घेईन. कोंडू नका."

नव्वद दिवसांची परवानगी मिळाली नाही. ते सोमवारऐवजी बुधवारी कामावर गेले.

सात महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर त्यांचा मला फोन आला. झोप पुन्हा उडाली होती. या वेळी ते स्वतःच रुग्णालयात गेले होते, अर्जावर स्वतःची सही करून. कायद्याच्या भाषेत हा 'स्वतंत्र रुग्ण', कलम ८६. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

"ताई, आता बाहेर पडायला कोणाची परवानगी लागेल?"

मी म्हटलं, कुणाचीच नाही. तुम्ही सांगितलंत की सोडावं लागेल. फार तर तपासणीसाठी चोवीस तास थांबवतील.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "चपला या वेळी कपाटात ठेवल्यात."