लेन्स घेण्याआधी स्टॉप मोजा

नवी लेन्स घ्यावीशी वाटते ती सहसा फोटो काढताना नाही. रात्री मोबाइलवर कुणाचं परीक्षण बघताना वाटते, दिवाळीच्या सेलची जाहिरात आली की वाटते, नाहीतर सहलीत शेजारच्याच्या गळ्यात जाडजूड लेन्स दिसली की वाटते. त्या वेळी आपले फोटो समोर नसतात. त्यामुळे आपल्याला नेमकं काय कमी पडतंय, हे सांगणारंही कोणी नसतं. अशा वेळी मनाला संयमाचे धडे देऊन फारसं काही साधत नाही. साधी आकडेमोड मात्र उपयोगी पडते, आणि ती कोणालाही जमते.

सुरुवात बिघडलेल्या फोटोंपासून करा. गेल्या वर्षभरातले, थोडक्यात हुकलेले फोटो काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: हलला, फोकस चुकला, दाणेदार आला, विषय फार लांब राहिला, प्रकाश सपाट होता, मागे पसारा होता, क्षण निसटला. शेवटच्या तीन कारणांवर कुठल्याही दुकानात इलाज मिळत नाही. फोकसचं खापर कॅमेऱ्यावर फोडण्याआधी त्याची सेटिंग्ज नीट समजून घ्यावीत. उरले हललेले, दाणेदार आणि लांबचे. खरेदीचा विचार फक्त यांच्यापुरता.

हललेले आणि दाणेदार फोटो म्हणजे बहुतेकदा कमी प्रकाश, आणि प्रकाश मोजायचं माप म्हणजे स्टॉप. एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट, एक घटला की निम्मा. एफ ४ वरून एफ २.८ वर आलात की एक स्टॉप मिळाला. शटर १/६० वरून १/३० वर नेलंत तरी एकच. कमी प्रकाशासाठी जे जे विकत मिळतं ते या मापाने तोलता येतं. एफ १.८ ची लेन्स विकून एफ १.४ ची घेतली तर हाती येतो साधारण पाऊण स्टॉप. एपीएस-सी सेन्सरच्या जागी फुल फ्रेम घेतला तर सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून थोडं जास्त होतं, म्हणजे एफचा आकडा तोच ठेवला तर एका स्टॉपहून जरासा अधिक लाभ. पण किट लेन्स ५५ मिमीला जेमतेम एफ ५.६ पर्यंत उघडते. तिच्या जागी साधी ५० मिमी एफ १.८ लावली की तीन स्टॉपांहून जास्त, जवळजवळ दहापट प्रकाश मिळतो. बहुतेक कंपन्यांच्या यादीत हीच सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते. घरातल्या समारंभांचे फोटो काढणाऱ्याने ती खुशाल घ्यावी, असं माझं मत आहे.

आता फुकटचे स्टॉप. उघड्या बल्बपासून दोन मीटरवर बसलेल्या माणसाला एक मीटरवर आणलं की त्याच्यावर पडणारा बल्बचा प्रकाश चौपट होतो. हे दोन स्टॉप झाले. ‘आजी, जरा दिव्याजवळ बसता का?’ या एका विनंतीत फुल फ्रेमपेक्षा जास्त मिळतं. कोपर भिंतीला टेकवून श्वास रोखला की बसलेल्या माणसासाठी शटर आणखी एखादा स्टॉप सावकाश चालवता येतं. धावत्या मुलासाठी मात्र हा उपाय चालत नाही. इथे एक गैरसमज महागात पडतो: स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचं हलणं सावरतं, समोरच्याचं नाही. बारशाला पळणारी भाचरं अस्पष्ट येतात म्हणून स्टॅबिलायझेशनवाली बॉडी घेतली, तर भाचरं पुढच्या बारशालाही अस्पष्टच येतील.

लांबच्या विषयाचं गणित याहून सोपं. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपताना ४०० मिमी अपुरी वाटते आणि ६०० ची ओढ लागते. चारशेवरून सहाशेवर गेलं की पक्षी दीडपट मोठा दिसतो. तीस मीटरवरून वीस मीटरवर पोचलं तरी तेवढाच मोठा दिसतो. पक्षी न उडवता किती जवळ जायचं, हे अनुभवी नावाड्याला कळतं; त्याचं ऐकावं आणि तो थांबवेल तिथे थांबावं. शिवाय ऊन चढलं की पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते. लांब लेन्स पक्ष्याबरोबर ती थरथरही मोठी करते, आणि पिसांचे बारकावे त्यात विरघळून जातात. लेन्स कितीही भारी असली तरी यातून सुटका नाही. पहाटेच पाण्यावर पोचणं हाच उपाय. इतकं सगळं करूनही वर्षानुवर्षं फोटो अपुरेच राहत असतील, तर गरज खरी आहे.

मेगापिक्सेलचा मोह लवकर सुटतो. चोवीसवरून पंचेचाळीसवर उडी मारली की आकडा दुपटीजवळ जातो, पण फोटोची रुंदी सहा हजार पिक्सेलवरून सव्वाआठ हजारांच्या आसपास पोचते, म्हणजे चाळीस टक्क्यांहूनही कमी वाढ. ए-३ आकाराच्या उत्तम छपाईला साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात, फोरके टीव्हीला सव्वाआठ. फायली मात्र फुगतात, आणि मग नवी कार्डं, नवी हार्डडिस्क, शेवटी नवा संगणक.

साहित्य बिनमहत्त्वाचं असतं, असं मी अजिबात म्हणणार नाही. लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला, आणि छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतला. रस्त्यात चालता चालता, कुणाच्या लक्षात न येता फोटो काढणं या छोट्या कॅमेऱ्यामुळे त्यांना जमलं. मोठ्या तिपाईवरच्या कॅमेऱ्याने ते जमणारं नव्हतं. पुढे अनेक दशकं त्यांनी मुख्यतः ५० मिमीवरच काम केलं. आपली लाडकी लांबी कोणती, हे आपल्यालाही शोधता येतं. लाइटरूममध्ये किंवा फुकट मिळणाऱ्या डिजिकॅममध्ये आपले निवडक फोटो फोकल लेंग्थनुसार गाळून बघा. सगळे नाही, निवडलेलेच. ते झूमच्या मधल्या टप्प्यात गोळा झाले असतील, तर दोन्ही टोकांच्या लेन्स पिशवीत पडून राहतील. आणि मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या लेन्सवर बुरशी चढते. ती एकदा काचेच्या लेपात रुजली की साफ करूनही डाग राहू शकतो. म्हणजे न वापरलेल्या लेन्ससाठीही चाळीस-पन्नास टक्के आर्द्रतेची पेटी सांभाळावी लागते.

या सगळ्यातून पार पडलेली लेन्स आधी भाड्याने आणा. मुंबई-पुण्यात ती दिवसाच्या बोलीवर मिळते. घराच्या गॅलरीतून कावळे टिपण्यात तो दिवस घालवू नका; ज्या कामासाठी ती हवी आहे, त्याच कामाला न्या आणि जुनी लेन्सही सोबत ठेवा. फोटो आठवडाभर बाजूला ठेवून मग निवडा, आणि निवडलेल्यांतले कोणते जुन्या लेन्सने निघालेच नसते ते बघा. असे दोन-चारही सापडले नाहीत, तर ते पैसे भिगवणच्या पुढच्या फेरीसाठी ठेवा.