कारखान्यांतील पाण्याचा नळ कां फुटतो ?

जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांतील नळाशीं शेतकऱ्याचा संबंध काय, असें पुष्कळांस वाटेल. परंतु आपल्या कपाशीच्या गंज्या त्याच आवारांत पडून असतात, आणि ठिणगी पडली तर सारी भिस्त त्या नळावर असते.

नळ फुटला कीं ठेकेदारास शिव्या देऊन नवा बसविण्याची चाल आहे. आमच्या परिचयाच्या एका कारखान्यांत नवा नळही त्याच जागीं फुटला. कारण कोणी शोधलेंच नव्हतें. तलाठी जसा जागेवर जाऊन पंचनामा करतो, तसाच नळाचाही केला पाहिजे. फुटका तुकडा घासूं-पुसूं नये. काढण्यापूर्वीं वरची बाजू व पाण्याचा ओघ यांची खूण करावी, मग तो उभा चिरावा. खड्डे आंतून असतील तर संशय पाण्यावर, बाहेरून असतील तर जमिनीवर. पितळी तोटीलगतच लोखंड खाल्लें गेलें असेल तर तो दोन धातूंच्या संगतीचा परिणाम समजावा.

लोखंड गंजण्यास पाणी व त्यांत विरघळलेला प्राणवायु लागतो. मिठासारखे क्षार असल्यास काम झपाट्यानें होतें. म्हणून अचलपुरास सापन-बिचनच्या कांठीं टिकलेला नळ दक्षिणेकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत टिकेलच असें नाहीं. शिवाय आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, व त्या ओढाताणींत सांधे निखळतात. ओतीव लोखंडाची खोड तर विलक्षण : लोह झिजून जातें, मागें पेन्सिलींतल्यासारखें काळें ग्राफाइट उरतें. नळ दिसतो धड, पण चाकूनें खरवडतां येतो !

जस्ताचा मुलामा देण्याचें पेटंट फ्रान्सांत सोरेल यानें १८३७ सालीं घेतलें. जस्त स्वतः झिजून लोखंड राखतें खरें. पण सुमारें ६० अंश सेंटिग्रेडहून उष्ण अशा कांहीं पाण्यांत हा क्रम उलटतो व लोखंडच झिजूं लागतें. बॉयलरकडील ऊन पाण्यास असा नळ जोडणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

न फुटलेला नळही दगा देतो. आंत गंजाच्या गांठी वाढून दोन इंची नळाची वाट बोटाएवढी उरते. पाणी स्थिर असतां दाबाचें घड्याळ पुरा दाब दाखवितें, म्हणून त्यावर विसंबूं नये. हंगामापूर्वीं आगीच्या नळाची शेवटची तोटी पूर्ण उघडावी, आणि पिंप किती वेळांत भरतें तें मोजून वहींत लिहावें.