सात सीटची गाडी घेताय? आधी शेवटच्या रांगेत बसून बघा

बेळगाव : गणपतीला गावी जायचं, गोव्याचं लग्न गाठायचं, आजीला पंढरपूरला न्यायचं म्हटलं की पाच सीटची गाडी पुरत नाही. मग घरात सात सीटच्या गाडीचा विषय निघतो. शोरूममध्ये मात्र नजर जाते ती पुढच्या जाळीवर, क्रोमवर आणि मोठ्या स्क्रीनवर. लाखो रुपये मोजून झाल्यावर चूक कळते ती चोर्ला घाटात, मागे बसलेला मुलगा उलटी करतो तेव्हा.

मागची रांग का त्रास देते?

तिसरी रांग साधारणपणे मागच्या चाकांच्या वरच येते. त्यामुळे खड्ड्याचा दणका तिथे थेट बसतो. शिवाय तिथली फरशी उंच असते. गुडघे वर येतात, मांडीला आधार मिळत नाही आणि तासाभरात पाय अवघडतात.

पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जास्त असेल तर आत ऐसपैस जागा काढता येते. हे अंतर एर्टिगाचं २७४० मिमी, कॅरेन्सचं २७८०, तर इनोव्हा हायक्रॉसचं २८५० मिमी आहे. इनोव्हा क्रिस्टाची बॉडी वेगळ्या चॅसीवर बसवलेली असते. अशी गाडी दणकट खरी, पण आत चढायला उंच. हायक्रॉसला तशी वेगळी चॅसी नाही.

देखणेपणाची किंमत

सध्या सगळ्यांना एसयूव्हीसारखी गाडी हवी असते. पण छत मागे उतरतं केलं की मागच्याचं डोकं लागतं. काच लहान केली की बाहेरचं दिसत नाही आणि घाटात मळमळतं. मोठी चाकं रुबाबदार दिसतात, पण टायरची जाडी कमी झाली की दणके जास्त जाणवतात. आतला फिका रंग जागा मोठी भासवतो, मात्र कोकण-गोव्याची लाल माती त्यावर लगेच उठून दिसते.

बॅगा कुठे ठेवणार?

तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाच्या डिकीत २०९ लिटर जागा उरते. सात माणसं आणि सात बॅगा हे गणित तिथे जमत नाही. वर कॅरियर लागतोच.

चाचणी कशी घ्यावी?

चाचणीला एकट्याने जाऊ नये, सगळ्या घराला न्यावं. आजीला मधल्या रांगेत स्वतःहून चढता-उतरता येतं का, ते बघावं. घरातल्या सर्वांत उंच माणसाला मागे बसवून खराब रस्त्यावर अर्धा तास फिरावं. भर दुपारी एसीची हवा मागपर्यंत पोचते का, प्रत्येक सीटचा बेल्ट नीट लागतो का, हेही तपासावं.

घरात मागची जागा बहुधा मुलांच्या, नाहीतर सुनेच्या वाट्याला येते. गाडी पसंत करताना त्यांचं मत शेवटी नव्हे, सर्वांत आधी विचारलेलं बरं.