तळहातातून येणारा प्रकाश : जपानमधील ‘जोरेई’ संप्रदायाची ओळख

आजाऱ्यावर हात ठेवून प्रार्थना करणे म्हणजे काय, हे ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगावयास नको. शुभवर्तमानात असे प्रसंग जागोजागी येतात. जपानमध्ये मात्र असा एक संप्रदाय आहे की, ज्याचा बहुतेक सारा धर्माचार एका उघड्या तळहाताभोवती फिरतो. त्याचे नाव ‘सेकाई क्युसेई क्यो’, म्हणजे जगाचे तारण करणारा धर्म. त्यातील उपचाराला ‘जोरेई’, अर्थात आत्म्याची शुद्धी, असे म्हणतात. ब्राझीलसारख्या कॅथलिक परंपरेच्या देशात हा संप्रदाय चांगलाच रुजला असल्यामुळे त्याची नीट माहिती करून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

संस्थापक मोकिची ओकादा यांचा जन्म १८८२ साली टोकियोच्या आसाकुसा भागात एका गरीब कुटुंबात झाला. चित्रकला शिकण्याची त्यांना फार इच्छा होती, पण डोळ्यांच्या विकाराने शिक्षण सुटले. पुढे क्षयासारख्या दुखण्यांनी त्यांना अंथरुणाला खिळवले. दागिने व शोभेच्या वस्तूंच्या व्यापारात त्यांनी पैसा मिळवला आणि तो गमावलाही. १९१९ मध्ये पत्नी वारली. १९२३ च्या महाभूकंपात टोकियो शहर उद्ध्वस्त झाले, त्यात त्यांच्या धंद्याचाही बळी गेला. नव्या धर्मपंथांकडे माणसे का वळतात याचे उत्तर जपानी अभ्यासक तीन शब्दांत देतात : दारिद्र्य, आजार आणि कलह. ओकादांना यांतील पहिल्या दोन गोष्टींची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नाही.

१९२० मध्ये ते ‘ओमोतो’ या पंथात गेले. नाओ देगुची नावाच्या एका गरीब विधवेच्या साक्षात्कारांतून १८९२ मध्ये हा पंथ उभा राहिला होता. १९३४ मध्ये ओकादा त्यातून बाहेर पडले आणि १ जानेवारी १९३५ रोजी त्यांनी स्वतःची संस्था स्थापन केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने ओमोतोवर कठोर कारवाई सुरू केली, तेव्हा ते वेळीच बाहेर पडले असेच म्हणावे लागेल. तरी सरकारी जाच त्यांच्याही वाट्याला आला. धर्म आणि उपचार एकत्र चालवू नयेत असा दबाव होता, व काही काळ त्यांना उपचार बंदच ठेवावे लागले. युद्ध संपल्यावर धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि संप्रदाय झपाट्याने वाढला. ओकादा १९५५ मध्ये निवर्तले. अनुयायी त्यांना ‘मेइशू-सामा’ या आदरार्थी नावाने ओळखतात.

त्यांची शिकवण थोडक्यात अशी. मनुष्याच्या दृश्य देहाला लागून एक आत्मिक देह असतो. स्वतःच्या व पूर्वजांच्या दुष्कृत्यांमुळे त्या देहावर मळभ धरते. ते दूर होण्याची क्रिया म्हणजे आजार. ताप, खोकला, पुरळ हे शत्रू नव्हेत, तर आतील विष बाहेर टाकण्याची निसर्गाची रीत होय. जोरेई देणारा सभासद रुग्णासमोर बसतो, हात उचलून तळवा त्याच्याकडे धरतो आणि काही मिनिटे शांत राहतो. स्पर्श करीत नाही. गळ्यात ‘ओहिकारी’ नावाचे पदक असते. दिव्य प्रकाश त्या पदकाच्या द्वारे तळहातातून वाहतो अशी श्रद्धा आहे. हे पदक कोणत्याही सामान्य माणसाला सभासद होऊन मिळू शकते, आणि संप्रदायाच्या प्रसाराचे मोठे कारण येथेच आहे असे आम्हांस वाटते. रुग्ण उद्या स्वतःच उपचार करणारा होतो. शिवाय, एकाकी आजाऱ्यासमोर कोणीतरी घाई न करता बसून राहते, हेही मोठ्या शहरांत थोडे नाही.

अडचण पुढे आहे. आजार ही शुद्धी असेल, तर तो दडपणारे औषध हे विषच ठरते. ओकादांनी हा निष्कर्ष स्वतः काढला व अनेकदा लिहिला. आज मुख्य संस्था डॉक्टरकडे जाण्यास मनाई करीत नाही. तिच्या परिवारातील मोआ या संस्थेने तर टोकियोत डॉक्टरांसह दवाखाना चालविला आहे. परंतु मूळ विचार लिखित स्वरूपात राहिला की, तो शब्दशः घेणारे कोणीतरी निघतेच. २००९ मध्ये फुकुओका शहरात त्वचारोगाने पीडलेले सात महिन्यांचे मूल दगावले. जोरेईवर विश्वास ठेवणाऱ्या एका लहान संस्थेतील त्याच्या आईवडिलांनी त्याला वैद्यकीय उपचार दिले नव्हते. २०१० मध्ये त्यांना अटक झाली. त्या आईवडिलांचे बाळावर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल?

ओकादांची दुसरीही बाजू आहे. सौंदर्य माणसाला शुद्ध करते असे मानून त्यांनी कलावस्तू जमविल्या. आतामी येथील संग्रहालयात ओगाता कोरिन याने रंगविलेले लाल व पांढऱ्या आलूबुखाराच्या मोहोराचे प्रसिद्ध पडदे आहेत. रासायनिक खतांविना शेतीही त्यांनी शिकविली. (नैसर्गिक शेती म्हटली की आपल्याकडे मासानोबु फुकुओका आठवतात, ते वेगळे.) रेकीशीही जोरेईची गल्लत करू नये. रेकी १९२२ मध्ये मिकाओ उसुई यांनी सुरू केली आणि ती धर्मसंप्रदाय म्हणून वाढली नाही.

जोरेईची एक शाखोपशाखा ‘माहिकारी’ ही होय. योशिकाझू ओकादा या माजी सैनिकाने १९५९ मध्ये ती सुरू केली. आडनाव एक असले तरी नाते नाही. तेथेही पदक आणि तळहात आहेत, व तीन दिवसांचे प्रारंभिक शिक्षण आहे. माहिकारीने ‘ताकेउची’ नावाच्या संशयास्पद कागदपत्रांतील एक कथा उचलली. तिच्यानुसार प्रभू येशू क्रुसावर मरण न पावता जपानला आले व वृद्धापकाळी तेथेच वारले! आओमोरी प्रांतातील शिंगो गावी १९३५ पासून तशी ‘कबर’ दाखविली जाते आणि गावकरी दर जूनमध्ये उत्सव करतात. इतिहासात याला कसलाही आधार नाही.

ब्राझीलमध्ये जोरेई १९५५ च्या सुमारास पोहोचली. आज तेथील बहुसंख्य सभासद जपानी वंशाचे नाहीत. साओ पावलोजवळ जलाशयाच्या काठी १९९५ मध्ये त्यांची विस्तीर्ण ‘पवित्र भूमी’ खुली झाली. जोरेई घेण्यासाठी आपला धर्म सोडावा लागत नाही असे सांगितले जाते, त्यामुळे मिस्साला जाणारे भाविकही तेथे जातात. ख्रिस्तसभेची भूमिका येथे स्पष्ट आहे. आरोग्याची इच्छा धरणे व त्यासाठी प्रार्थना करणे योग्यच, असे व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धान्त मंडळाने २००० साली आपल्या सूचनापत्रात म्हटले आणि प्रार्थना औषधोपचाराची जागा घेत नाही हेही सांगितले. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो. रुग्णाभ्यंग संस्कारात धर्मगुरू हात ठेवतो तेव्हा तो पदकातून वाहणारी शक्ती वापरीत नाही, तो विनवणी करतो. उत्तर देणे परमेश्वराच्या हाती असते. जोरेईत प्रकाश वाहतोच असे गृहीत आहे. बरे न वाटल्यास दोष मळभाचा ठरतो.

‘तारण’ हा शब्द त्या संप्रदायालाही सोपा गेलेला नाही. १९५० मध्ये संस्थेच्या नावातील ‘क्युसेई’ ही अक्षरे ‘मेशिया’ अशी उच्चारली जात. १९५७ मध्ये तो उच्चार बदलण्यात आला. पुढे संस्थापकांचे नातू, चौथे धर्मप्रमुख, पुन्हा मसीहाविषयी व ख्रिस्ती कल्पनांविषयी बोलू लागले. त्यावरून २०१८ च्या सुमारास तीव्र वाद झाला, प्रमुखांनाच दूर करण्यात आले, आणि त्यांच्या मागे गेलेल्यांनी ‘मेशिया’ हे नाव घेऊन वेगळी संस्था उभारली.