मुक्कामाला शेगडी कोणती न्यावी?
नांदेडकडचं सहस्रकुंड असो वा लातूरकडचा खरोसा, शेगडी माणसं मोजून घ्या. दोघा-तिघांच्या चहा-खिचडीला ब्युटेनच्या डब्यावरची घडीची शेगडी पुरते. ब्युटेनचा वायू शून्य अंशाच्या आसपास होईनासा होतो, म्हणून हिमालयात तो दगा देतो. आपल्या हिवाळ्यात नाही. इथं त्रास वाऱ्याचा. पत्र्याचा आडोसा जरूर लावा, पण डबा चहूबाजूंनी वेढू नका. तो तापून फुटू शकतो. दहा-बारा जणांच्या पिठलं-भाकरीला मात्र ५ किलोचा सिलिंडरच हवा. तंबूत शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. नांदेडहून किनवटला रेल्वेने निघालात, तर गॅस किंवा रॉकेल गाडीत नेऊ नका. तो कायद्याने गुन्हा आहे.